दाभोळ, दहेज आणि परदेशचा वायू

इ. स. 2024 च्या फेब्रुवारी महिन्याच्या 6 तारखेस गोव्यात बेतुल येथे भरलेल्या ऊर्जाविषयक मेळाव्यात एका करारावर सह्या झाल्या. कतारच्या सरकारी कंपनीने आपल्याकडील पेट्रोनेट एल.एन.जी. या कंपनीस दरसाल 75 लक्ष टन द्रवरूप नैसर्गिक वायू पुरवावा, आणि हा व्यवहार 2028 पासून पुढे वीस वर्षे चालावा, असा त्या कराराचा मथितार्थ आहे. म्हणजे त्याची मुदत 2048 साली संपावयाची. ज्या सरकारने 2021 साली ग्लासगो येथे 2070 पर्यंत कर्बवायूचा हिशेब शून्यावर आणण्याचे अभिवचन दिले, त्याच सरकारच्या संमतीने ही खरेदी झाली. या दोहोंचा मेळ कसा घालावयाचा? एका पक्षाचे म्हणणे असे की, वायू हे कोळशाहून स्वच्छ इंधन असल्यामुळे संक्रमणकाळात त्याचाच आधार घेतला पाहिजे. दुसरा पक्ष म्हणतो की, जे सोडावयाचे तेच वीस वर्षांच्या बोलीने विकत घेणे हा शुद्ध आत्मघात होय. आम्ही पडलो इतिहासाचे विद्यार्थी. भविष्यकथन हा आमचा धंदा नव्हे. परंतु या आयातीचा जो तीस वर्षांचा इतिहास आपल्या देशात, आणि त्यातल्या त्यात आपल्या कोकण किनाऱ्यावर, घडला आहे तो नीट पाहिला असता हे दोन्ही पक्ष मूळ प्रश्नाला बगल देतात असे आम्हांस वाटते. वायू चांगला की वाईट, हा तो प्रश्न नव्हे. तो कोणत्या इंधनाच्या जागी येतो, आणि तसा तो न खपल्यास पैसे कोणी भरावयाचे, हा खरा प्रश्न आहे.

मुंबईच्या रस्त्यांवर वायूचे दिवे 1865 सालीच लागले होते. पण तो वायू कोळशापासून शहरातच तयार करीत. जमिनीच्या पोटातील नैसर्गिक वायू समुद्रापलीकडे नेण्याची सोय मात्र फार उशिरा झाली. हा वायू, म्हणजे मुख्यत्वे मिथेन, उणे 162 अंश सेंटिग्रेडपर्यंत थंड केला की त्याचा द्रव होतो आणि त्याचे आकारमान सुमारे सहाशेपटींनी घटते. 1959 साली ‘मिथेन पायोनियर’ नावाचे जहाज असा द्रव घेऊन अमेरिकेतील लुइझियाना प्रांतातून टेम्स नदीच्या मुखाशी असलेल्या कॅनव्ही बेटावर पोचले. 1952 च्या हिवाळ्यात धूर आणि धुके यांच्या मिश्रणाने लंडनमध्ये हजारो माणसे दगावली होती आणि 1956 साली हवेच्या शुद्धतेचा कायदा झाला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या जहाजाच्या स्वागताचे मर्म कळते. पुढे 1964 पासून अल्जीरियाचा वायू इंग्लंडात नियमितपणे येऊ लागला, आणि 1969 साली अलास्काचा वायू जपानात.

या व्यापाराची घडण प्रथमपासूनच विलक्षण आहे. वायू थंड करण्याचे कारखाने, विशेष बांधणीची जहाजे, उतरून घेण्याची बंदरे, या सर्वांस इतके भांडवल लागते की वीस-पंचवीस वर्षांचे गिऱ्हाईक आधी बांधून घेतल्याखेरीज कोणी सावकार पैसा पुढे करीत नसे. म्हणून ‘माल उचला, नाहीतर न उचलताच पैसे भरा’ हे कलम या करारांचा कणा होऊन बसले. दराची जोखीम विकणाऱ्याची आणि खपाची जोखीम घेणाऱ्याची, अशी ती वाटणी होय. श्रीमंत आणि वाढत्या खपाच्या जपानला ती पेलली. आपल्याला ती कशी पेलली, हे दाभोळने दाखविले.

1992 च्या जूनमध्ये ह्यूस्टनच्या एन्रॉन कंपनीने महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाशी प्राथमिक समजुतीचा लेख केला आणि 1993 च्या डिसेंबरात वीजखरेदीचा करार झाला. प्रकल्पाला नाव दाभोळचे मिळाले. वस्तुतः तो वाशिष्ठी खाडीच्या दक्षिण तीरावर, गुहागर तालुक्यात, अंजनवेलच्या परिसरात उभा आहे. बहामनी अमदानीत नावाजलेले आणि 1508 च्या अखेरीस पोर्तुगीजांनी जाळलेले दाभोळ बंदर हे खाडीच्या उत्तरेस, दापोली तालुक्यात. परकी गलबते आणि दाभोळ यांचा संबंध असा जुना आहे. पण विषयांतराचा हा मोह आवरलेला बरा.

परकीय चलनाच्या 1991 च्या संकटातून देश नुकताच सावरत होता, विजेचा तुटवडा होता, आणि परदेशी भांडवल आणून दाखविणे हीच त्या वेळी मुत्सद्देगिरी समजली जात होती. जागतिक बँकेने मात्र 1993 च्या एप्रिलमध्येच या प्रकल्पास कर्ज नाकारले. तिचे म्हणणे थोडक्यात असे होते की, अहोरात्र चालणाऱ्या एवढ्या मोठ्या केंद्राची महाराष्ट्रास गरज नाही. हा महाग वायू जाळता यावा म्हणून कोळशावरची स्वस्त केंद्रे मंद करावी लागतील. आमच्या मते त्या सबंध प्रकरणात लिहिल्या गेलेल्या हजारो पानांतील हे सर्वांत मोलाचे निदान होते. त्याकडे लक्ष दिले गेले नाही. उलट 1994 साली केंद्र सरकारने या देण्यास आपली प्रतिहमी दिली.

पुढील कथा वाचकांस ठाऊकच आहे. 1995 साली राज्यात सत्तांतर झाले, एन्रॉन समुद्रात बुडविण्याच्या घोषणेवर निवडून आलेल्यांनी ऑगस्टमध्ये करार रद्द केला, आणि 1996 साली त्यांनीच तो सुधारून, शिवाय दुसऱ्या टप्प्यासह, पुन्हा मान्य केला. वेलदूर-अंजनवेलच्या ग्रामस्थांनी व मच्छीमारांनी विरोध केला, लाठ्या आणि तुरुंगवास सोसले. 1999 च्या मे महिन्यात 740 मेगॅवॉटचा पहिला टप्पा सुरू झाला, 2001 च्या मे महिन्यात मंडळाने वीज घेणे थांबविले, जूनमध्ये केंद्र बंद पडले, आणि त्याच सालच्या डिसेंबरात खुद्द एन्रॉनचे दिवाळे वाजले. ज्या गोष्टीची नोंद सहसा होत नाही ती अशी की, या सर्व काळात दाभोळला द्रवरूप वायूचे एकही जहाज आले नाही! पहिला टप्पा नाफ्त्यावर चालला; वायूचे बंदर दुसऱ्या, 1,444 मेगॅवॉटच्या टप्प्याशी जोडलेले होते आणि तो टप्पा अपुराच राहिला. ज्या वायूच्या नावाने महाराष्ट्रात मंत्रिमंडळे हादरली, तो तेथे प्रत्यक्ष उतरला जानेवारी 2013 मध्ये, प्रकल्प सरकारी कंपन्यांच्या हाती आल्यावर. तेव्हाही लाटा अडविणारा बांध पुरा झालेला नसल्यामुळे पुढे कित्येक वर्षे ते बंदर पावसाळ्यात बंद ठेवावे लागे. आणि 30 मार्च 2018 रोजी अमेरिकेशी झालेल्या दीर्घ मुदतीच्या करारातील पहिले जहाज आले तेही दाभोळलाच. विकणारी कंपनी पुन्हा ह्यूस्टनची.

आपल्याकडे या प्रकरणाची चर्चा बहुतांशी सचोटी आणि लुच्चेगिरी यांच्या अंगाने झाली. ती व्हावयास नको होती असे आम्ही म्हणत नाही. पण करार करणारे सर्वजण धुतल्या तांदळासारखे असते, तरीही दाभोळ बुडालेच असते. कारण देणे डॉलरशी बांधलेले होते आणि वीज घेतली न घेतली तरी स्थिर आकार चुकणार नव्हता. वीज मंडळाला सायंकाळच्या चार घटकांची उणीव भरून काढावयाची होती, आणि त्याने आठही प्रहरांचा विडा उचलला.

दाभोळच्या शेजारी दहेजचे चित्र ठेवून पाहावे. 1998 साली चार सरकारी तेल-वायू कंपन्यांनी पेट्रोनेट स्थापिली, 1999 च्या जुलैमध्ये कतारशी पंचवीस वर्षांचा करार केला, आणि 2004 च्या जानेवारीत भडोच जिल्ह्यातील दहेजला पहिले जहाज लागले. आरंभी 50 लक्ष टनांची असलेली त्या बंदराची शक्ती 2019 पर्यंत 175 लक्ष टनांवर गेली. तोच वायू, तसेच ‘उचला अथवा भरा’ हे कलम, आणि तरीही हे बंदर भरभराटले. याचे कारण व्यवस्थापकांच्या हुशारीत थोडे आणि भूगोलात अधिक आहे. हजिऱ्याहून उत्तरेकडे जाणारी मोठी वायुवाहिनी तेथे तयार होती. तिच्या काठी खतांचे आणि इतर कारखाने होते. आणि त्यांतील पुष्कळसे त्याहून महाग नाफ्ता जाळीत होते. दहेजचा वायू नाफ्त्याच्या जागी गेला. दाभोळचा वायू कोळशाच्या जागी जावयाचा होता. आमच्या समजुतीप्रमाणे या एका वाक्यात गेल्या तीस वर्षांचा निम्मा इतिहास आला.

उरलेला निम्मा बाजारभावाचा आहे. 2015 साली जगात वायू स्वस्त झाला, तेव्हा कतारचा करारातील दर 12-13 डॉलर (दर दहा लक्ष ब्रिटिश थर्मल युनिटांस) पडत होता आणि बाजारात तोच माल जवळजवळ निम्म्या भावाने मिळत होता. पेट्रोनेटने ठरल्याहून कमी माल उचलला. कलमाप्रमाणे सुमारे 12 हजार कोटी रुपयांचा दंड झाला असता. परंतु वर्षअखेरीस कतारने दर 6-7 डॉलरांवर आणला व दंडही सोडला, बदल्यात पेट्रोनेटने अधिक माल घेण्याचे कबूल केले. मोठे गिऱ्हाईक गमवावयाचे नाही, एवढे शहाणपण त्या विक्रेत्यापाशी होते. सात वर्षांनी फासा उलटा पडला. 2022 च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर स्वारी केली आणि युरोप मिळेल त्या भावाने वायू विकत घेऊ लागला. आशियात रोखीचा भाव काही काळ 70 डॉलरांपलीकडे गेला. आपल्या गेल कंपनीचा रशियन कंपनीच्या शाखेशी 2012 साली झालेला वीस वर्षांचा करार होता; ती शाखा जर्मनीच्या ताब्यात गेली आणि ठरलेली जहाजे आली नाहीत. बांगला देशाने रोखीची खरेदी थांबविली, पाकिस्तानच्या निविदेस कोणी विक्रेताच मिळेना, आणि दोन्ही देशांत अंधार पडला. जर्मनीने मात्र एका वर्षाच्या आत विल्हेल्मशाफेन येथे आपले पहिले द्रववायूचे बंदर उभे केले. दुबळ्याच्या घरचा दिवा विझवून सबळाने आपला लावला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. बेतुलच्या करारामागे या आठवणीचे बळ आहे, हे टीकाकारांनी विसरू नये.

परंतु हवामानाच्या दृष्टीने पाहता काय निष्पन्न झाले? ऊर्जेच्या एकंदर खपात वायूचा वाटा 2030 पर्यंत शेकडा 15 करू, असे सरकारने 2016 च्या सुमारास जाहीर केले. तो शेकडा 6 च्या आसपास घुटमळत राहिला. कृष्णा-गोदावरीच्या खोऱ्यातील समुद्रात 2002 साली वायू सापडला, 2009 च्या एप्रिलमध्ये निघू लागला, आणि त्याच्या भरवशावर वीजकेंद्रे उभी राहिली. उत्पादन थोड्याच वर्षांत ओसरले. 2024 साली देशात वायूवरील सुमारे 25 हजार मेगॅवॉटची केंद्रे होती आणि त्यांतील बरीचशी वर्षातील बहुतेक दिवस स्वस्थ बसलेली असत, कारण आयात वायूची वीज कोळशाच्या विजेपुढे भावात टिकत नाही. अर्थात ‘वायूमुळे कोळसा कमी होतो’ हे विधान इंग्लंड-अमेरिकेच्या अनुभवावरून उचललेले आहे. आपल्याकडे वायूने हटविले ते नाफ्ता, फर्नेस तेल, काही प्रमाणात सिलिंडर आणि मोटारींचे पेट्रोल-डिझेल. याला एक नामी अपवाद मोरवीचा. तेथील फरशीच्या कारखान्यांतील कोळशाच्या भट्ट्या हरित न्यायाधिकरणाने 2019 साली बंद करविल्या आणि कारखाने वायूकडे वळले. म्हणजे कोळसा गेला तो कायद्याने, वायूच्या स्वस्ताईने नव्हे; आणि 2022 साली वायू कडाडताच त्यांतील अनेकांनी प्रोपेन जवळ केला.

खतांची गोष्ट निराळी. युरियाच्या 45 किलोच्या गोणीचा भाव 2018 पासून शेतकऱ्यास 242 रुपये ठरविला गेला; जगात वायू कितीही चढला तरी फरक सरकारी तिजोरी सोसते. येथे खप बारमाही आहे, तूर्त दुसरा मार्ग नाही, आणि पैसे कोण भरतो हे निदान अंदाजपत्रकात दिसते. अशा कामासाठी दीर्घ मुदतीचा करार करणे आम्हांस गैर वाटत नाही.

विजेचे तसे नाही. 2024 च्या उन्हाळ्यात सरकारने खास हुकूम काढून मे-जून महिन्यांत वायूवरची केंद्रे चालवावयास लावली, आणि 30 मे रोजी विजेची मागणी 250 गिगॅवॉटवर गेली असता त्या केंद्रांनी आपला वाटा उचलला. सूर्य मावळल्यावर पंखे चालूच राहतात, तेव्हा ही मदत खरी आहे. पण ती काही महिन्यांतील काही तासांची मदत आहे. राजस्थानातील भडला येथे 2017 सालीच सूर्याची वीज युनिटला 2 रुपये 44 पैशांस देऊ केली गेली. दिवसा वायूला तेथे उभे राहावयासही जागा नाही. संक्रमणकाळाच्या नावाने वायूची वकिली करावयाची ती त्या थोड्या तासांसाठी, आणि माल घ्यावयाचा तो बारमाही, हीच दाभोळची चूक आहे. शिवाय मिथेन जळाला तर कोळशाच्या निम्मा कर्बवायू सोडतो हे खरे. पण न जळता गळाला तर वीस वर्षांच्या मापाने तो कर्बवायूच्या ऐंशीपट तापदायक ठरतो. विहीर, वाहिनी, जहाज आणि बंदर एवढ्या लांबच्या वाटेवर किती गळले हे मोजून लिहिण्याची अट खरेदीदाराला घालता येते. जागतिक मिथेन-प्रतिज्ञेवर आपण सही केलेली नाही. तशी अट घालण्यास मात्र त्या सहीची जरुरी नाही.

बेतुलच्या करारात एक बदल आहे. आजवर पेट्रोनेट आपली ‘दिशा’, ‘राही’ आणि ‘असीम’ ही जहाजे पाठवून कतारहून माल आणीत असे. 2028 पासून तो विक्रेत्याने दारात आणून द्यावयाचा आहे. होर्मुझची सामुद्रधुनी मात्र वाटेत तशीच राहील. हा माल पुढे गेलने शेकडा 60, इंडियन ऑइलने 30 आणि भारत पेट्रोलियमने 10 या प्रमाणात घ्यावयाचा अशी वाटणी आहे. दराचे सूत्र गुप्त ठेवण्यात आले आहे. एन्रॉनच्या करारातील कलमेही आरंभी अशीच झाकलेली होती आणि पुढे ती न्यायालयांत व चौकशी समित्यांपुढे एकेक करून उघडी पडली, हे रत्नागिरी जिल्ह्यातील लोकांस अद्याप आठवत असेल. 2040 च्या सुमारास यातला किती वायू खताला, किती स्वयंपाकघरांना आणि किती विजेला लागेल, आणि न लागल्यास ‘उचला अथवा भरा’ या कलमाचा बोजा या तीन कंपन्यांनी सोसावयाचा, गिऱ्हाइकांनी सोसावयाचा की तिजोरीने, एवढा तरी तक्ता सरकारने संसदेपुढे ठेवावा. 2028 ला अजून अवधी आहे.