लेकींच्या दुधावरून बापाची पारख

वळू दूध देत नाही, तरी गोठ्यातल्या पुढच्या पिढीच्या दुधाच्या आनुवंशिक गुणात त्याचा निम्मा वाटा असतो. ‘खाण तशी माती’ हे पशुपालकांना पूर्वीपासून ठाऊक होतं. किती तशी, हे सांगायला मात्र हिशेब हवा होता.

अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या डिशलीचा रॉबर्ट बेकवेल आपले मेंढे आणि वळू हंगामापुरते भाड्याने देई. दुसऱ्यांच्या कळपांत त्यांची पिल्लं कशी निपजतात ते पाहून चांगला ठरलेला नर तो पुन्हा स्वतःकडे वापरी. 1895 मध्ये डेन्मार्कमधल्या वेयेनच्या शेतकऱ्यांनी दूध आणि फॅट यांची नोंद ठेवणारी संस्था काढली, आणि नजरेच्या जागी वह्या आल्या.

पण वह्याही फसवत. भरपूर चाऱ्याच्या गोठ्यात लेकी असल्या की बाप उगाच थोर ठरे. एका वेतातल्या दुधात गायीगायींमध्ये जो फरक दिसतो, त्यातला साधारण चौथा हिस्साच आनुवंशिक असतो. बाकी चारा, हवामान आणि निगा. हा आनुवंशिक वाटा वेगळा काढण्याचं शास्त्र अमेरिकेतल्या आयोवात जे लश या शास्त्रज्ञांनी उभं केलं. तिथेच शिकलेल्या चार्ल्स हेंडरसन यांनी कॉर्नेल विद्यापीठात गोठ्याचा परिणाम आणि वळूचा गुण एकदम सोडवणारी समीकरणं मांडली. 1970 पासून ईशान्य अमेरिकेतले वळू त्यांवर जोखले जाऊ लागले. 1976 मध्ये हेंडरसन यांनी जनावरांमधल्या नात्यांचं भलंमोठं कोष्टक संगणकाला झेपेल असं करून दिलं. मग आजी, बहिणी, चुलत भावंडं, सगळ्यांच्या नोंदी हिशेबात घेणं शक्य झालं. नातं जवळचं, तर वजन जास्त.

मोजलं तेवढंच मात्र सुधारलं. 1962 मध्ये जन्मलेल्या ‘चीफ’ या अमेरिकी होल्स्टीन वळूला सुमारे 16,000 लेकी झाल्या. त्याच्या वंशाने दूध वाढवलं; त्याच वंशातून एक घातक जनुकदोषही पसरला आणि जगभरात लाखो गर्भ दगावले. दुधाच्या नोंदीत तो दिसणार कुठून?

भारतात दोन-चार गायींचे गोठे आणि तुटक वंशावळी, त्यामुळे वळू जोखण्याचा हा हिशेब अवघड. 2024 च्या ऑक्टोबरात वाशिममध्ये देशी गायी-म्हशींचे गुण जनुकांवरून ताडणाऱ्या जनुकीय चिपचं लोकार्पण झालं. पण चिपलाही पडताळ्यासाठी गोठ्यातलं मोजलेलं दूधच लागतं. तेव्हा पशुपालकांनी जनावराच्या कानात बारा अंकी ओळखक्रमांकाचा बिल्ला मारून घ्यावा आणि दूधनोंदीला आलेल्या माणसाला खरा आकडा सांगावा.