उष्ण प्रदेशातील उद्यान आणि फुलकंदांची निवड : पुणे-मुळशी परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रास्ताविक :

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील रिहे हे सह्याद्रीच्या पूर्व उताराकडील भातशेतीचे गाव. जून ते सप्टेंबर मुसळधार पाऊस आणि त्यानंतर जवळजवळ आठ महिने कोरडे, असे येथील वर्षाचे दोन भाग पडतात. अलीकडच्या काळात मुळशीत शेतघरे व बंगले वाढले आणि त्यांच्यासोबत अंगणातील बागाही वाढल्या. या बागांमध्ये कोणते फुलकंद लावावेत, हा प्रश्न वरवर पाहता हौसेचा वाटतो. परंतु त्यामागे चार शतकांहून अधिक काळाचा इतिहास आहे. त्या इतिहासाकडे दुर्लक्ष झाल्यास पैसा वाया जातो आणि, त्याहून गंभीर म्हणजे, डोंगरावरील दुर्मीळ कंद उखडले जातात. प्रस्तुत लेखात 'कंद' हा शब्द माळी वापरतात त्या व्यापक अर्थाने घेतला आहे.

परदेशी कंदांचे आगमन :

महाराष्ट्रात सर्वाधिक रुळलेला फुलकंद म्हणजे निशिगंध. आज लग्नाचा हार, देवाची पूजा आणि अंत्ययात्रा यांपैकी काहीही त्याच्यावाचून होत नाही. तरीही ही वनस्पती मूळची मेक्सिकोची असून युरोपीय लोक तेथे पोहोचण्यापूर्वीच स्थानिक समाज तिची लागवड करीत होते. सोळाव्या शतकात स्पॅनिश व पोर्तुगीज सागरी मार्ग खुले झाल्यानंतर अमेरिकेतील मिरची, पेरू, अननस ही पिके भारतात आली. निशिगंधाचा प्रवासही याच देवघेवीचा भाग होय. त्याच्या नावांतही हा इतिहास दिसतो. 'गुलछडी' या नावातील 'गुल' फारसी आहे, तर 'निशिगंध' हे संस्कृत घडणीचे नाव (निशि म्हणजे रात्री) पाहुण्याला घरचे करून घेण्यासाठी दिलेले दिसते. फूल परके असल्याची जाणीव आज कोणालाच उरलेली नाही.

एकोणिसाव्या शतकात पुणे हे उद्यानविद्येचे केंद्र बनले. एम्प्रेस गार्डन आणि 1873 मध्ये स्थापन झालेले गणेशखिंड उद्यान या दोन संस्थांचा त्यात मोठा वाटा होता. गणेशखिंड उद्यानाचे अधीक्षक जी. मार्शल वुडरो हे पुण्याच्या सायन्स कॉलेजात वनस्पतिशास्त्रही शिकवीत. भारतातील बागकामावरील त्यांच्या पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या, यावरून अशा मार्गदर्शनाची गरज किती होती हे लक्षात येते. मायदेशीची फुले येथे फुलवण्याची साहेबांची ओढ समजण्यासारखी होती. हवामान मात्र कोणाच्या ओढीला जुमानत नाही.

या ठिकाणी एक साधा भौगोलिक नियम ध्यानात घ्यावा लागतो. मूळ प्रदेशात पाऊस उन्हाळ्यात पडतो आणि हिवाळा कोरडा असतो, असे कंद येथे टिकले. निशिगंधाचा मेक्सिको तसाच आहे. आजच्या संकरित ग्लॅडिओलसच्या पूर्वजांपैकी एक प्रमुख जात आफ्रिकेच्या उन्हाळी पावसाच्या प्रदेशातील आहे. अमेरिकेतून आलेली पावसाळी लिली आणि मे-जूनमध्ये तांबडा गोळा फुलवणारी आफ्रिकेची फुटबॉल लिली यांचाही स्वभाव असाच. याउलट ट्युलिप मध्य आशियातील थंड डोंगराळ भागातील, तर नार्सिसस भूमध्य सागराकाठच्या हिवाळी पावसाचा. ट्युलिपला फुलण्यापूर्वी सुमारे बारा आठवडे सलग थंडी लागते. पुण्यात जानेवारीची रात्र 10 अंश सेल्सिअसच्या आसपास उतरली तरी दुपार 30 अंशांजवळ जाते. श्रीनगरमध्ये 2007 साली खुले झालेले ट्युलिप उद्यान बहरते, ते तेथील हिवाळ्यामुळे.

असे असूनही विक्रेत्याकडून आणलेला, शीतगृहात ठेवलेला ट्युलिपचा कंद येथे पहिल्या वर्षी फुलतो. कारण त्याची कळी कंदाच्या आतच आधी तयार झालेली असते. त्या एका फुलाने घरमालक हुरळून जातो आणि पुढील वर्षी नुसती पानेही धड येत नाहीत. हॉलंडमध्ये 1637 च्या फेब्रुवारीत ट्युलिपचे भाव कोसळून सट्टेबाज पोळले होते. आपल्याकडील तोटा त्या मानाने किरकोळ, पण दरवर्षी नव्याने होणारा.

देशी कंद व त्यांची उपेक्षा :

परदेशी कंदांची वाफ्यात सरबराई होत असताना सह्याद्रीतील कंद मात्र शुष्क नमुन्यांच्या संग्रहातच राहिले. थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथात (1901-1908) त्यांची शास्त्रीय नोंद केली, परंतु नोंद झाली म्हणून ते बागेत आले नाहीत. वुडरो यांचेच नाव धारण करणारी क्रायनम वुडरोवी ही पांढऱ्या फुलांची जात शतकभर कोणाला आढळली नव्हती. एकविसाव्या शतकाच्या आरंभी ती महाबळेश्वरच्या केट्स पॉइंट परिसरात पुन्हा सापडली. लोकजीवनाने मात्र काही कंद जपले. कळलावीची ज्वालेसारखी फुले आणि रानहळदीचे गुलाबी तुरे गौरी-गणपतीच्या दिवसांत आजही मान मिळवतात. कळलावीचा कंद अत्यंत विषारी आहे, त्यामुळे लहान मुले असलेल्या घरी ती कुंपणापलीकडेच बरी.

रिह्यासारख्या गावात निवड करताना आणखी एक अडचण येते, ती अतिपावसाची. निशिगंध उन्हाळी पावसाच्या देशातला असला तरी साचलेल्या पाण्यात त्याचा कंद कुजतो. भातखाचरालगतच्या जमिनीत तो उंच गादीवाफ्यावरच लावावा, तोही मार्च ते मे या काळात, म्हणजे पावसापूर्वी मुळे धरतात. हारासाठी सुट्टी फुले हवी असल्यास एकेरी जात, फुलदाणीसाठी दुहेरी. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची 'प्रज्वल' ही एकेरी, तर 'सुवासिनी' ही दुहेरी जात आहे. ग्लॅडिओलस पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावणे हिताचे.

देशी क्रायनम किंवा रानहळद हवी असेल तर ती रोपवाटिकेत वाढवलेलीच घ्यावी. ती मिळत नसेल तर वाट पाहावी. पहिल्या पावसात डोंगरउतारावर फुललेला कंद कुदळीने काढून आणणे सोपे असते. परंतु त्याला बियांपासून फुलण्याजोगे होण्यास कित्येक वर्षे लागलेली असतात आणि त्या उतारावर त्याच्या जातीचे आणखी किती शिल्लक आहेत, हे काढणाऱ्याला ठाऊक नसते. गणेशखिंड उद्यानाला 2020 मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. मुळशीच्या उतारांना असे कुंपण नाही.