गोफणगुंड्याचं गणित

राहाता म्हटलं की लोकांना पेरू आठवतो. पण ज्वारीच्या कणसात चीक भरला की रानात पाखरं हाकायला खरी गरज गोफणीची. एक दोरी बोटात अडकवायची, दुसरीची गाठ चिमटीत धरायची, मधल्या झोळीत गुंडा ठेवून दोन-तीन गरके द्यायचे आणि चिमूट सोडायची. सुटण्यात जरा मागेपुढे झालं की गुंडा भलतीकडे. कोन कुणी मोजत नाही, हात मोजतो.

कागदावर कोन मोजायची वेळ आणली तोफेने. इटलीतल्या निकोलो तार्तालियाने १५३७ साली छापलं, की ४५ अंशांवर गोळा सर्वांत लांब जातो. उत्तर बरोबर, पण आकृती विचित्र: गोळा आधी सरळ, मग वळणावर, शेवटी धप्पकन खाली! पुढे बाराच वर्षांत, १५४९ मध्ये, आपल्याच जिल्ह्यात, अहमदनगरला, निजामशाहीसाठी रूमी कारागिराने मुलूख-मैदान तोफ ओतली. ती आज विजापुरात आहे. म्हणजे एवढी मोठी तोफ तयार झाली, तेव्हा गोळ्याची खरी वाट जगात कुणी मांडलेली नव्हती.

ती मांडली गॅलिलिओने, १६३८ मध्ये. त्याने एका चालीच्या दोन केल्या. आडवी चाल आहे तशीच राहते. उभी चाल दर सेकंदाला ९.८ मीटरने घटते, शून्य होते, मग खाली वाढत जाते. दोन्ही जुळवल्या की अन्वस्त, म्हणजे पॅराबोला, मिळतो. माझ्या मते या साऱ्या गणितातली हीच खरी करामत, बाकी त्रिकोणमिती. सेकंदाला ३० मीटर वेगाने गुंडा सुटला, तर ४५ अंशांवर तो सुमारे ९२ मीटर जातो. ३० आणि ६० अंशांवर मात्र दोन्हीकडे ८० मीटरच. फक्त पहिला तीन सेकंदांत पोचतो, दुसऱ्याला सव्वापाच लागतात. तेवढ्यात पाखरं दाणे टिपून उडालेली असतात.

यात हवा धरलेलीच नाही. १७४२ मध्ये बेंजामिन रॉबिन्सने जड लंबकावर गोळी झाडून तिचा वेग मोजला आणि हवेचा अडसर केवढा मोठा आहे हे दाखवलं. पाठ्यपुस्तकं आजही 'हवेचा रोध नगण्य मानू' म्हणून पुढे सरकतात. शिवाय राखणदार जमिनीवर नसतो, माळ्यावर असतो. तीन मीटर उंचीवरून, हवा न धरताही, सर्वांत लांबचा कोन ४५ नव्हे, ४४ अंशांच्या आसपास येतो.