पाटी उतरल्यानंतरचं वर्ष

चांदा (आताचा चंद्रपूर) जिल्हा मध्य प्रांतात होता, तेव्हाची गोष्ट. १९१४ च्या कायद्यानं अठरा वर्षांखालच्यांना मोटार चालवायला मनाई केली. १९३९ च्या कायद्यानं प्रवासी आणि मालवाहू गाड्यांसाठी वीस वर्षांची अट घातली. शिकाऊ माणसाला परवान्यातून सूट होती, पण तिच्या अटी प्रांत सरकारनं ठरवायच्या.

खरी उमेदवारी मात्र ट्रकवर होई. आलापल्लीचं सागवान आणि बल्लारपूरचा कोळसा वाहणाऱ्या गाड्यांवर पोरगा आधी क्लीनर लागे. चढावर चाकाला दगड लावायचा, पावसाळ्यात नाल्यात उतरून पाणी किती आहे ते पाहायचं, गाडी मागे घेताना हाका द्यायच्या. उस्तादाचा विश्वास बसला की मगच मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हाती येई.

१ जुलै १९८९ पासून लागू झालेल्या कायद्यानं ही शिस्त कागदावर आणली. लर्निंग लायसन सहा महिन्यांचं, पक्क्याची परीक्षा तीस दिवसांनंतर. गाडीला पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ आणि शेजारी परवानाधारक शिकवणारा. दुचाकीवर शिकवणाऱ्याखेरीज मागे कुणाला बसवायचं नाही. ट्रक शिकायचा तर आज हलक्या वाहनाचा परवाना किमान वर्षभर जुना हवा.

गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा जिल्हा झाला, तरी परीक्षेसाठी सिरोंचाहून जिल्ह्याचं ठिकाण सुमारे २०० किलोमीटर राहिलं. २०२१ पासून लर्निंगची परीक्षा घरबसल्या देता येते. पक्क्यासाठी मात्र गाडी चालवून दाखवावीच लागते.

पक्कं लायसन मिळालं की पाटी उतरते आणि देखरेख संपते. ब्रिटनमध्ये नव्या चालकानं पहिल्या दोन वर्षांत सहा दंडगुण ओढवून घेतले, तर परवाना रद्द होतो. आपल्याकडे खासगी गाडीच्या नव्या चालकासाठी असा परीक्षाकाळच नाही.

जंगलातल्या रस्त्यावर ही उणीव जिवावर बेतू शकते. मूल–चंद्रपूर रस्त्यावर दिवस मावळताना चितळ आणि रानडुकरं आडवी येतात. एक चितळ गेलं की मागे कळप असतोच, हे परीक्षेत कुणी विचारत नाही. प्रखर दिव्यानं जनावर जागीच थिजतं. तेव्हा दिवा खाली घ्यायचा, वेग आधीच कमी ठेवायचा आणि रस्ता मोकळा होईपर्यंत थांबायचं. आलापल्लीकडे सुरजागडच्या खनिजाचे ट्रकही असतात. त्यांना ओलांडण्याची घाई नवख्यानं करूच नये.

म्हणून चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या ड्रायव्हिंग स्कूलांनी पाटी उतरण्याआधीच शिकाऊ मुलाला शिक्षकासोबत संध्याकाळी जंगलरस्त्यावर न्यावं, आणि पहिलं वर्षभर त्यानं रात्री एकट्यानं तिकडे जाऊ नये, असा दंडक घरच्यांनी घालावा.