नहपान आणि गौतमीपुत्र सातकर्णी : त्रिरश्मी लेणीत कोरलेले दोन शत्रू

नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरावर एकाच रांगेत दोन मोठे विहार आहेत. लेणे क्र. १० क्षहरात क्षत्रप नहपानाच्या घराण्याच्या दानातून घडले आणि लेणे क्र. ३ सातवाहनांच्या. क्षहरात आणि सातवाहन एकमेकांचे कट्टर वैरी होते. इ. स. पहिल्या-दुसऱ्या शतकात अपरान्त, गोवर्धन (नाशिक परिसर) आणि घाटांवरील व्यापारी मार्ग यांच्या ताब्यासाठी त्यांच्यात युद्ध झाले. त्यात सातवाहन जिंकले. तरीही हरलेल्याचे लेख आजही धम्मलिपीत वाचता येतात, आणि या दोन राजांचा इतिहास मुख्यतः बौद्ध लेण्यांच्या भिंतींवरूनच लिहावा लागतो.

नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आधी पाहू. तो दीनिकाचा मुलगा आणि दक्षमित्रेचा पती. त्याने भरूच, दशपूर, गोवर्धन व सोपारा येथे धर्मशाळा बांधल्या आणि डहाणू, दमण, तापी अशा नद्यांवर फुकट नावांची सोय केली. ब्राह्मणांना गायी व गावे दिली, पुष्करला जाऊन दान केले आणि त्रिरश्मी डोंगरावर भिक्खू संघासाठी लेणे कोरवले. क्षत्रप म्हणजे परकीय लुटारू, हे शाळेच्या पुस्तकातून मनात बसलेले चित्र या लेखापुढे टिकत नाही. अर्थात हे त्याने स्वतःच कोरवलेले कौतुक आहे, हेही विसरू नये.

त्यातला वर्ष ४२ चा लेख तर हिशेबाच्या वहीसारखा आहे. संघासाठी ३००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे मुद्दल कायम ठेवून फक्त व्याज वापरायचे, अशी ठेव. गोवर्धनातील विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा १ दराने आणि दुसऱ्या श्रेणीकडे १००० पाऊण दराने. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४० होते. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी मिळायचे. हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून नोंदवला गेला. राजा बदलला तरी विणकरांची श्रेणी, संघ आणि व्याज जागेवरच राहतील, अशी ती रचना होती.

नहपानाचा शेवटचा ज्ञात लेख जुन्नरचा, वर्ष ४६ चा आहे. त्यानंतर गौतमीपुत्र सातकर्णीने त्याची सत्ता संपवली. त्याच्या १८ व्या राज्यवर्षातील आज्ञा लेणे क्र. ३ मध्ये आहे. विजयी सेनेच्या तळावरून ती गोवर्धनच्या अमात्याला पाठवलेली आहे. पश्चिम काखडी गावातील २०० निवर्तने शेत त्रिरश्मीवरील भिक्खूंना द्यावे, असे ती सांगते, आणि हे शेत आजवर उषवदाताकडे होते, हेही स्पष्ट लिहिते. शत्रूचे नाव गाळावे असे विजेत्याला वाटले नाही. गाळले असते तर शेत कोणते हेच कळले नसते.

पुढची गोष्ट जास्त मानवी आहे. सहा वर्षांनी, वर्ष २४ मध्ये, राजा आणि राजमाता यांच्या नावाने दुसरी आज्ञा निघाली. काखडीचे शेत कसले जात नव्हते, गावात वस्तीही नव्हती. म्हणून नगराच्या सीमेवरील राजकीय शेतातून १०० निवर्तने देण्यात आली. युद्धाने गाव उजाड झाले होते की काय, लेख सांगत नाही. कागदावर दिलेली जमीन हातात पडायला सहा वर्षे आणि दुसरा हुकूम लागतो, एवढे मात्र त्यातून कळते.

गौतमीपुत्राची आज प्रचलित असलेली थोर प्रतिमा या आज्ञांमधून नव्हे, तर त्याच्या आईच्या लेखातून आली आहे. राजमाता गौतमी बलश्रीने नातू पुळुमावीच्या १९ व्या वर्षी लेणे क्र. ३ भद्रयानीय भिक्खूंना दान दिले. त्या दानलेखात तिने मुलाला शक, यवन, पह्लवांचा संहारक, क्षहरात वंश निःशेष करणारा आणि सातवाहन कुळाचे यश पुन्हा स्थापन करणारा म्हटले आहे. त्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले, असेही त्यात आहे. त्याच लेखात तो अद्वितीय ब्राह्मण आणि चातुर्वर्ण्याचा संकर थांबवणारा आहे. हे वाक्य वगळून त्याला फक्त बौद्धांचा आश्रयदाता म्हणून रंगवणे चूक, आणि दान वगळून फक्त वर्णरक्षक म्हणून रंगवणेही चूक. दोन्ही एकाच दगडावर आहे.

विजयाचा वेगळा पुरावा नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडला. नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली आणि त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारला होता. खालचा नहपानाचा चेहरा अनेक नाण्यांवर अजून दिसतो.

दुसऱ्या बाजूचीही नोंद आहे. क्षत्रपांचेच दुसरे घराणे कार्दमक. त्यातील रुद्रदामनाचा जुनागढ येथील इ. स. १५० चा लेख म्हणतो, की दक्षिणापथाच्या सातकर्णीला आपण दोनदा हरवले, पण जवळच्या नात्यामुळे नष्ट केले नाही. ते नाते कान्हेरीच्या लेण्यात सापडते. तिथल्या पाणपोढीच्या दानलेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक कुळातील महाक्षत्रपाची मुलगी असल्याचे लिहिले आहे. महाक्षत्रपाचे नाव तुटले आहे, पण तो रुद्रदामनच असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे वैर दोन पिढ्यांत सोयरिकीपर्यंत आले होते.

जैन परंपरेत ही लढाई कथा होऊन राहिली. भरूचचा नहवाहन खजिन्याने श्रीमंत आणि पैठणचा शालिवाहन सैन्याने. शालिवाहनाच्या मंत्र्याने नहवाहनाला दानधर्मात खजिना रिता करायला लावले आणि मग भरूच पडले. उषवदाताच्या दानांची यादी वाचल्यावर ही कथा नुसती कल्पना वाटत नाही. पंचांगात मात्र दोघे एकत्रच आहेत. ‘शालिवाहन शके’ या शब्दांत शालिवाहनाचे नाव मध्ययुगात जोडले गेले. गौतमीपुत्राने स्वतः ती कालगणना वापरली नाही, त्याचे लेख राज्यवर्षाचे आहेत. ती वापरली क्षत्रपांनी.

लोकांच्या तोंडी मात्र या डोंगराचे नाव ‘पांडवलेणी’. बलश्रीच्या लेखात अर्जुन आणि भीमसेन येतात, पण मुलाच्या पराक्रमाला उपमा म्हणून. लेणी कोणी कोरली, कोणाला दिली, हे तिथेच लिहिले आहे. लेणे क्र. १० च्या मागच्या भिंतीवरील स्तूपाचे शिल्प तर पुढच्या काळात कोरून भैरव करण्यात आले. गौतमीपुत्राने नहपानाच्या लेण्याला हात लावला नव्हता. उषवदाताचे लेख वाचायचे असतील तर त्याच लेण्याच्या व्हरांड्याच्या भिंतीकडे पाहावे. सकाळच्या तिरप्या उजेडात अक्षरे अधिक स्पष्ट दिसतात.