मेलेलं ढोर, वलगाव आणि आपली लाज

वलगाव अमरावतीला लागूनच. पेढी नदीचा पूल आला की गाव आलं. २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबा याच वाटेवर गेले. त्याआधी चौदाच दिवस बाबासाहेब गेले होते. माझी आजी ही दोन्ही मरणं एका दमात सांगायची, आणि सांगता सांगता ताटावर यायची. कारण दोघांनीही आमच्या ताटात हात घातला होता.

पण दोघांचं सांगणं एक नव्हतं, मित्रांनो. इथंच आपला घोळ होतो.

गाडगेबाबांनी पोरीच्या बारशाला बोकड-दारूची रीत मोडली आणि गोडाचं जेवण घातलं. त्यांचा राग देवापुढच्या सुरीवर आणि कर्जाच्या जेवणावळीवर होता. बाबासाहेबांनी मार्च १९२७ मध्ये महाडला सांगितलं ते वेगळं होतं. मेलेलं ढोर ओढू नका, त्याचं मांस खाऊ नका, उष्टं मागू नका. त्यांनी मांसाला नाही म्हटलं नव्हतं. फुकट राबवून घेऊन बदल्यात मढं देणाऱ्या गावगाड्याला नाही म्हटलं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते अमरावतीच्या परिषदेला आले. अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाची लढाई तेव्हा पेटलेली होती. म्हणजे हे वारं वऱ्हाडात लवकर आलं.

आजी म्हणायची, "आमी ते सोडलं बापा. सोडलं तवा गावानं दोन वर्सं दाणा नाई देल्ला."

तरीही वऱ्हाडात सोडणं जमलं. का? माझ्या मते कापसामुळे. इथं जिनिंग होत्या, रेचे होते, आठवड्याची मजुरी रोख मिळायची. कोकणात पलटणीतून आलेले पेन्शनर होते. नागपूरकडे गिरणी होती; एम्प्रेस मिल १८७७ ची. निजामाच्या मराठवाड्यात मात्र असं रोख पैशाचं दार फारसं नव्हतं. बलुत्यावर आणि ढोरावर जगणाऱ्याला 'सोड' म्हणणं म्हणजे पोट सोड म्हणणं. शाहू पाटोळेंचं 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' २०१५ मध्ये आलं. ते वाचा. मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून चान्या करायच्या, चरबी वितळवून ठेवायची, एक जनावर महिनोन्‌महिने पुरवायचं. हे काही शौकाचं खाणं नव्हे. तो दुष्काळाशी केलेला हिशोब आहे.

दुसरा हिशोब सवर्णांनी मांडला होता. गावात वर्षाला इतकी ढोरं मरतात, मांस-चामडं-शिंगं धरून पाचशेचं उत्पन्न, आणि महार ते बुडवतात, असं 'केसरी'त छापून आलं होतं. बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात याचा समाचार घेतला. इतका फायदा असेल तर तुम्हीच का घेत नाही, हा त्यातला मुद्दा. त्याला उत्तर आजवर आलेलं नाही.

आता आमच्या वऱ्हाडातलं सांगतो. आमच्या लोकांनी मढं सोडलं, ते बरोबरच केलं. पण हळूहळू जिभेवर दुसरंच वाक्य चढलं : "आमी तसलं खात नाई." यात बाबासाहेब किती आणि शेजारच्या माळकऱ्याचा विटाळ किती? जवळच रिद्धपूर आहे, महानुभावांचं. मांस सोडलं की माणूस वर चढतो ही शिकवण या मातीत जुनी आहे. आम्ही वर चढायला निघालो आणि मराठवाड्याचा आपलाच माणूस आम्हाला खाली दिसू लागला. ही उतरंड आपण कोणाकडून घेतली?

बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' मध्ये गोमांस आणि अस्पृश्यता यांचा संबंध उलगडला. ते पुस्तक आपल्या शिबिरांत नाव घेण्यापुरतं असतं. मग १९७६ चा प्राणीरक्षण कायदा येतो, २०१५ मध्ये बैलही त्यात घातला जातो, पाच वर्षांपर्यंत कैद लावली जाते, आणि आमचे काही लोक म्हणतात, आपल्याला काय त्याचं? मे २०१६ मध्ये मुंबई हायकोर्टाने परराज्यातून आणलेलं मांस बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. न्यायालयाला जे दिसलं ते आमच्या वस्तीला दिसू नये?

हे मी दुसऱ्यांना सांगत नाही. माझ्याच घरातलं आहे. नांदेडकडचा एक कार्यकर्ता मित्र वलगावला मुक्कामी होता. भाकर आणि अंबाडीची भाजी खाता खाता तो चान्यांचं बोलू लागला, मोठ्यानं, हसत. मी घाईनं दार लोटलं. शेजारी ऐकतील म्हणून. त्यानं पाहिलं आणि गप्प झाला. ताटातली भाकर त्यानं पुढं मोडली नाही.

माय चुलीजवळ होती. ती उठली, दार पुन्हा उघडलं आणि त्याच्या पुढ्यात बसली.

"सांग नं बापू," ती म्हणाली, "पावसाळ्यात कशा टिकवत तुमी त्या?"