चलनवाढ आणि आर्थिक वाढ (भारत)

किमतींच्या सर्वसाधारण पातळीतील सततची वाढ आणि देशाच्या वास्तव उत्पन्नातील वाढ यांचा परस्परसंबंध. विकसनशील देशांत तो एकसारखा नसतो. चलनवाढ माफक असेल तर मजुरी किमतींच्या मागे राहते, नफा वाढतो आणि गुंतवणुकीला चालना मिळते. अर्थात त्या काळात झळ मजुरालाच बसते. चलनवाढ हाताबाहेर गेली की बचत बँकेतून सोन्याकडे व जमिनीकडे वळते आणि दीर्घ मुदतीच्या प्रकल्पांचे हिशेब कोलमडतात. मर्यादा नेमकी कुठे, यावर मतभेद आहेत. मोहसिन खान व अब्देलहक सेन्हाजी यांना 2001 च्या अभ्यासात विकसनशील देशांसाठी ती 11 ते 12 टक्के आढळली. भारतात सुखमय चक्रवर्ती समितीने 1985 मध्ये 4 टक्के भाववाढ सह्य मानली होती. 2016 मध्ये रिझर्व्ह बँक कायद्यात दुरुस्ती झाल्यावर ग्राहक किंमत निर्देशांकासाठी 4 टक्क्यांचेच लक्ष्य ठरले. वरखाली 2 टक्क्यांची मुभा आहे.

भारतात महागाईची मोठी लाट बहुधा शेतातून किंवा तेलातून आली. 1972 च्या दुष्काळापाठोपाठ 1973 मध्ये खनिज तेल भडकले. 1974-75 मध्ये घाऊक किमती सुमारे 25 टक्क्यांनी वाढल्या, तर उत्पन्न जेमतेम एक टक्क्याने. याच काळात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील गृहिणी हाती लाटणे घेऊन रस्त्यावर उतरल्या. 1979-80 च्या दुष्काळात उत्पन्न सुमारे 5 टक्क्यांनी घटले आणि भाव कडाडले. या आकड्यांवरून महागाईने विकास रोखला असे म्हणणे घाईचे ठरेल. पीक बुडाले म्हणून भाव चढले, आणि पीक बुडाले म्हणूनच उत्पन्नही घटले.

म्हणूनच केवळ व्याजदरावर भिस्त ठेवणे भारतात अपुरे पडते. 2012 पायाभूत वर्षाच्या ग्राहक निर्देशांकात खाद्य व पेयांचा भार सुमारे 46 टक्के होता, आणि कर्ज महाग केल्याने कांद्याचे पीक वाढत नाही. मग सरकार निर्यातीला हात घालते, आणि शहरातील स्वस्ताईची किंमत लासलगावच्या कांदा बाजारात माल आणणारा शेतकरी मोजतो. हा अन्याय आहे, शिवाय पुढच्या हंगामातील लागवडीचा उत्साहही त्यामुळे मारला जातो. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लागले, डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली. बंदी मे 2024 मध्ये उठली. शुल्क पूर्णपणे जायला मात्र 1 एप्रिल 2025 उजाडला.